निखळलेला दात आणि त्याच्या मुळावरील जिवंत थर

अपघातात मुळासकट निखळलेला दात कायमचा गेला, असे मानून तो बहुधा फेकला जातो किंवा रुमालात गुंडाळला जातो. वस्तुतः असा कायमचा दात पुष्कळदा त्याच खोबणीत पुन्हा बसवता येतो. हे शक्य होते ते दंतबंधामुळे (दाताचे मूळ जबड्याच्या हाडाशी जोडणारा सूक्ष्म तंतूंचा थर), कारण दात निखळताना हा थर तुटला, तरी त्यातील जिवंत पेशी मुळाला चिकटून राहतात. उपटलेले भाताचे रोप मुळे ओली असतील तरच खाचरात तग धरते, तसेच या पेशींचे आहे: कोरड्या राहिल्यास सुमारे ६० मिनिटांत त्या बहुतांशी मरतात, आणि मूळ घासून स्वच्छ करण्याची चूक, जी काळजीपोटीच घडते, त्यांना त्याआधीच नष्ट करते. म्हणून दात केवळ मुकुटाला (हिरडीबाहेर दिसणारा भाग) धरावा, माती लागली असल्यास दुधाने किंवा क्षणभर वाहत्या थंड पाण्याने हलकेच धुवावा आणि जखमी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल, तर लगेच खोबणीत बसवून स्वच्छ कापड चावून धरण्यास सांगावे. ते न जमल्यास दात थंड दुधात ठेवून त्वरित दंतवैद्याकडे न्यावा. साध्या पाण्यात तो ठेवू नये, कारण त्यात पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये, कारण त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. हॉकी वा मुष्टियुद्ध खेळणाऱ्या मुलांना दातांच्या मापाचे संरक्षक कवच दिल्यास असे अनेक प्रसंग टळतात.