पांढुर्ण्याहून नागपूर जवळ, कोटा मात्र भोपाळचा

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उभं राहिलं की एका हाताला नरखेड, काटोल, नागपूर. दुसऱ्या हाताला मुलताई, आमला, इटारसी आणि मग भोपाळ. नागपूर शंभरेक किलोमीटर, भोपाळ त्याच्या अडीचपटीहून लांब. लग्नाचा बस्ता नागपूरचा, डॉक्टर नागपूरचा, संत्र्यांचे ट्रकही बहुतेक त्याच वाटेनं जातात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी तर राजधानीही नागपूरच होती. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी भाग मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण राज्याची रेघ जागची हलली नाही.

घरातल्या कुणाला आर्किटेक्ट व्हायचं असेल, तर ही रेघ पहिल्यांदा बारावीनंतर टोचते. नागपूरच्या व्हीएनआयटीत बी. आर्क.च्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या आणि निम्म्या बाहेरच्यांच्या. पांढुर्ण्यात बारावी झालेल्या मुलीचं ‘होम स्टेट’ मध्य प्रदेश, म्हणजे तिची हक्काची जागा भोपाळच्या मॅनिटमध्ये. तिचीच मावसबहीण बारावीला नागपूरला खोली करून राहिली असेल, तर तिला व्हीएनआयटीचा कोटा लागू, कारण एनआयटीच्या हिशेबात बारावी कुठून झाली तेच पाहतात. महाराष्ट्राच्या स्वतःच्या प्रवेशांत आणखी एक गंमत आहे. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी मुलांसाठी तिथे वेगळा वर्ग आहे. सौंसरच्या मराठी मुलासाठी तसं काही नाही, कारण ही सीमा वादग्रस्त ठरलेलीच नाही. भांडण न केल्याचा तोटा म्हणायचा!

पाच वर्षांनी, पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी, हा सगळा हिशेब बदलतो. एनआयटी आणि ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’, म्हणजे एसपीए, यांच्या एम. आर्क. आणि एम. प्लॅन.च्या जागा ‘गेट’ या परीक्षेच्या गुणांवर ‘सीसीएमटी’ या सामाईक फेरीतून भरतात आणि तिथे राज्याचा कोटा नसतो. खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटीही गेटच पाहतात. पांढुर्ण्याचा पत्ता आड येत नाही, तसा कामीही येत नाही. ‘जवळचं कुठलं?’ आणि ‘कोटा कुठे?’ या दोन प्रश्नांवर पदवीचं कॉलेज ठरवलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा तिसरा प्रश्न पडतो: मला नेमकं शिकायचंय काय?

त्याआधी चौथाही प्रश्न विचारायला हरकत नाही: शिकायचं तरी का? 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करायला बी. आर्क. पुरतं. पाटी लावायला, नकाशावर सही करायला एम. आर्क. लागत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर लागतं. संवर्धन, लँडस्केप, नगररचना अशा एखाद्या कामात खोल उतरायचं असेल तर उपयोगी पडतं. ‘सध्या काम नाही, तोवर मास्टर्स करून टाकू’ हे उत्तर घराघरांत ऐकू येतं आणि दोन वर्षं खाऊन जातं.

महाराष्ट्रात जन्मलेल्या दोघांनी या प्रश्नाला दिलेली दोन मोठी उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. अच्युत कानविंदे 1916 साली कोकणातल्या आचऱ्याला जन्मले, जे. जे.त शिकले, सरकारी नोकरीत लागले आणि तिथून सरकारनेच त्यांना हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली पाठवलं. देशाला प्रयोगशाळा आणि संशोधनसंस्था बांधायच्या होत्या आणि त्या कशा बांधायच्या ते शिकून यायचं होतं. काम आधी ठरलं होतं, शाळा मागून आली. परतल्यावर अहमदाबादची अटिरा ही संशोधनसंस्था आणि पुढे कानपूरची आयआयटी उभी राहिली. दुसरे बाळकृष्ण दोशी: घर गुजराती, पण जन्म 1927 चा, पुण्याचा. तेही जे. जे.चेच विद्यार्थी. मास्टर्सच्या वाटेला गेले नाहीत. 1951 मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात दाखल झाले आणि तीच त्यांची पदव्युत्तर शाळा. 2018 मध्ये प्रिट्झ्कर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. याच दोशींनी 1962 मध्ये अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा सुरू केली, ती आजची सेप्ट.

आता पांढुर्ण्याच्या मुलापुढचे पर्याय. भोपाळची एसपीए 2008 सालची. संवर्धन, लँडस्केप, अर्बन डिझाइन आणि नियोजन हे विषय तिथे आहेत. शिवाय भोपाळ हे शहरच एक अभ्यासवर्ग आहे. तलावाच्या काठाला उतारात रुतून बसलेलं भारत भवन (1982) आणि आगाखान पुरस्कार मिळालेलं विधान भवन, दोन्ही चार्ल्स कोरियांची. गोव्याच्या कुटुंबातल्या या माणसाने मिशिगन आणि एमआयटीत शिकून भोपाळच्या उन्हाचा इतका नेमका विचार करावा, हे पाहायला तिकडे जावंच. दिल्लीची एसपीए जुनी, मोठी, आणि तिथल्या जागांसाठी चुरसही तशीच. नागपूरच्या व्हीएनआयटीतला जुना पदव्युत्तर अभ्यासक्रम नगरनियोजनातल्या एम. टेक.चा आहे, इमारती रेखाटायच्या असतील तर नुसतं घराजवळ म्हणून तो घेऊ नये. सेप्टची प्रवेशपद्धत स्वतःची आणि तिथे पोर्टफोलिओला मोठं वजन. महाराष्ट्रातल्या इतर कॉलेजांसाठी राज्याची एम. आर्क. सीईटी आहे.

विषय मात्र माहितीपत्रकात शोधण्यापेक्षा घराभोवती शोधलेला बरा. मोहखेडकडचा देवगडचा गोंड किल्ला घ्या. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह या देवगडचा राजा. त्याच्या पडक्या भिंती, बावड्या मोजणं हे संवर्धनाचं काम. सौंसर तालुक्यात जामसांवळीच्या निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला शनिवार-मंगळवारी लोटणारी गर्दी कुठून आत घ्यायची, कुठे बसवायची, कुठून बाहेर काढायची, हे अर्बन डिझाइनचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात, मधोमध पळसाचं झाड आणि झेंडा, आणि गोटमार सुरू होते. तो एक दिवस सोडला तर उरलेलं वर्षभर नदीच्या त्या पात्राचं काय करायचं? लँडस्केपच्या थिसीसला याहून चांगली जागा कुठे मिळेल!

आणि जुनं घर. हातभर जाडीची मातीची भिंत, वर सागाची मयाल, तिच्यावर फाटे आणि फाट्यांवर कवेलू. समोर सपरी. दर पावसाळ्याआधी फुटके कवेलू बदलावे लागतात, माकडं नाचली की आणखी. म्हणून लोक स्लॅब टाकतात आणि मे महिन्यात त्याच स्लॅबखाली कूलरपुढे बसून जुन्या घराच्या गारव्याच्या आठवणी काढतात. भिंत तापायला किती तास लागतात आणि निवायला किती, हे एखाद्या मुलीने एका उन्हाळ्यात थर्मामीटर लावून टिपून ठेवलं, तर सेप्टला दाखवायच्या पोर्टफोलिओतलं ते सर्वांत बोलकं पान ठरेल. मुंबईच्या टॉवरचे चकचकीत थ्री-डी रेंडर सगळ्यांकडेच असतात.

परदेशाचा मोह असणाऱ्यांनी एक बारकावा पक्का समजून घ्यावा. अमेरिकेत एम. आर्क. दोन तऱ्हेचं असतं. आर्किटेक्चर न शिकलेल्यांसाठी तीन-साडेतीन वर्षांचं, तिथल्या नॅब या संस्थेची मान्यता असलेलं. आणि आपल्यासारख्या पाच वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी दीड-दोन वर्षांचं. या दुसऱ्याला बहुधा ती मान्यता नसते. शिकायला उत्तम, पण तिकडे परवाना काढायचा तर वाट लांबते. इंग्लंडात तर पार्ट एक, दोन, तीन अशी वेगळीच शिडी. एजंटच्या ऑफिसात हे सहसा कुणी सांगत नाही. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या बापाने तरी विचारावं.

देशात गेटवाल्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात चैन होत नाही, पण संत्र्याचा भाव पडलेल्या वर्षी घरी पैसे मागायला लाज वाटत असेल, तर खोलीभाडं आणि मेस निघते. पैशांचा हिशेब जमला की शाळा पाहून यावी. जायचं तर ज्युरीच्या, म्हणजे मुलांची कामं तपासली जातात त्या दिवशी जावं. भिंतीवर टाचलेल्या शीट पाहाव्यात: सगळ्यांचे सेक्शन एकाच हाताने काढल्यासारखे दिसतात का, की प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे? माहितीपत्रकात नाव असलेले नामांकित सर वर्गात खरंच येतात का, हे चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं. मॉडेल करायची जागा रात्री कितीपर्यंत उघडी असते, तेही.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे बी. आर्क.च्या चौथ्या वर्षी एकदा देऊन पाहायला काही जात नाही. अर्ज साधारण पोळ्याच्या आगेमागे निघतात, गोटमारीची धूळ बसते न बसते तोच. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे नेमकी मृग बहाराची संत्री उतरायच्या सुमाराला. बागवाल्याच्या घरातल्या मुलाने आपली आठ दिवसांची सुट्टी बाबांकडे आधीच, आंबिया बहाराचा माल जात असताना, मागून ठेवावी.