कोलासुराच्या टोपल्या

आज पवनीच्या स्तूपाकडे वळायचे कबूल केले होते, पण पवनी आठवडाभर थांबेल. गेल्या लेखात नवेगावबांधचा ओझरता उल्लेख आला आणि एका वाचकाने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले: ज्याने तलाव बांधला त्याच्याच नावाला लोकांनी ‘असुर’ का जोडावे?

नवेगावबांध आता गोंदिया जिल्ह्यात असले तरी 1999 पर्यंत ते भंडाऱ्याचेच होते. जातिजमातींचे अभ्यासक रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली नोंदवलेली कथा अशी. तलाव बांधला कोहळी जातीच्या कोलू पाटलाने. पुढे तो कोलासुर देव झाला आणि भोवतालच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आले. बाकीच्या सात टेकड्या म्हणजे सातबहिणी या देवी. मजूर घरी गेले की त्या रात्री येऊन तलावाच्या पाळीवर माती टाकत. कोलासुराच्या टेकडीवरचे पिवळट पांढरे दगड म्हणजे त्यांच्याच टोपल्या.

आता ‘असुर’. पुराणात तो मरण्यासाठीच असतो. करवीरच्या कथेतला कोल्हासुर महालक्ष्मीच्या हातून मरतो. शेतकऱ्याचा हिशेब निराळा. बळी असुरच, तरी राजा म्हणून आठवला जातो. म्हसोबाचे नाते महिषासुराशी सांगतात, तरी शेताच्या बांधावर त्याला शेंदूर लागतो. अचाट बळाच्या माणसासाठी हा साचा तयारच होता आणि ‘कोलू’ हे नाव त्यात अलगद बसले, असे मला वाटते. यावर आक्षेप येईल की ‘कोलू’ हे ‘कोहळी’वरूनच मागाहून घडवलेले नाव असेल, माणूस मुळात नसेलच. नावापुरता हा आक्षेप मी मान्य करतो. पण निव्वळ कल्पनेतल्या देवाने तलाव एका रात्रीत उभा केला असता. इथे दिवसपाळी मजुरांची आहे, देवींना फक्त रात्रपाळी मिळाली आहे, आणि कर्ता पाटीलच राहिला आहे. तलाव बांधण्यात कोहळ्यांचा हातखंडा होता, हे वैनगंगेच्या खोऱ्यातले शेकडो तलाव सांगतात. म्हणजे कथेचा गाभा कामाच्या आठवणीतून आला. दगडांचे स्पष्टीकरण तेवढे मागून चिकटले.

मला खटकते ते वेगळेच. दंतकथा खऱ्या माणसाला पुसून टाकते असे आपण धरून चालतो. इथे तिने पाटलाला जपले आणि पुसले मजुरांना. शेजारच्या चांद्याच्या मुलखात तलाव बांधणाऱ्याला ‘तुकूम’ म्हणून जमीन मिळे. मालकाचे नाव टिकायला तेवढे कारण पुरते. टोपली वाहणारीला ना जमीन, ना ठाणे. तिच्या वाट्याची माती सातबहिणींच्या नावे जमा झाली.

पाळीवर राबलेल्यांचे एखादे नाव, आडनाव किंवा गाणे कुणाच्या घरात ऐकिवात असेल, तर जरूर कळवा. पवनी पुढच्या आठवड्यात.