दमलेल्या प्रतिस्पर्ध्याचा फायदा कोणाला?

मार्च उजाडला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या प्रीमियर लीगवेड्या मंडळींचा एक हिशेब सुरू होतो. आपला संघ तळाला आहे आणि पुढचा प्रतिस्पर्धी चषकाच्या उपांत्य फेरीत. म्हणजे तो दमून येणार, राखीव पोरं उतरवणार आणि तीन गुण आपलेच. हा हिशेब अगदीच खोटा नाही. पण तो जिथे बसतो त्या जागा फार थोड्या आहेत, आणि मुंबईच्या एका क्लबला याचा अनुभव आहे.

गैरसमज : प्रतिस्पर्धी चषकात अडकले की तळाचा संघ तरतो.

२०१६-१७च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या श्रेणीत, दहा संघ होते आणि प्रत्येकाला अठरा सामने. कुपरेजवर खेळणारा मुंबई एफसी शेवटचा आला, खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच पडला. त्याच मोसमात बेंगळुरू एफसी आणि मोहन बागान हे दोन बलाढ्य संघ एएफसी चषक या आशियाई क्लब स्पर्धेतही खेळत होते. परदेश दौरे, आठवड्याच्या मधले सामने, विमानतळावरची झोप, सगळं त्यांच्या वाट्याला आलं. मग मुंबईला फायदा का झाला नाही?

आधी साधं गणित करू. या दोघांशी मुंबईचे सामने चारच. उरलेले चौदा आशियाई धावपळ नसलेल्या संघांशी. शिवाय त्या चषकाची गटफेरी मार्चच्या मध्यावर सुरू झाली, तोवर लीग बरीच पुढे गेली होती. दमलेला बेंगळुरूसुद्धा तळाच्या संघापेक्षा सरस असतो, हे वेगळंच.

फायदा झालाच असेल तर वरच्या टोकाला. आदल्या वर्षीचा विजेता बेंगळुरू चौथा आला, मोहन बागान एका गुणाने मागे राहिला आणि आशियाई सामन्यांचं ओझं नसलेला ऐझॉल विजेता ठरला. प्रशिक्षक होते खालिद जमील. याच जमील यांनी त्याआधी सात वर्षं मुंबई एफसीला तुटपुंज्या साधनांवर वरच्या श्रेणीत टिकवून धरलं होतं. प्रतिस्पर्ध्यांच्या वेळापत्रकापेक्षा मुंबईला त्यांची उणीव जास्त भोवली, असं माझं मत आहे.

गैरसमज : इंग्लंडसारखंच इथेही चषक आणि लीग एकमेकांत गुंतलेले असतात.

२०१४-१५चा फेडरेशन चषक ११ जानेवारी २०१५ला संपला, त्यानंतर आय-लीग सुरू झाली. २०१७चा फेडरेशन चषक लीग आटोपल्यावर मे महिन्यात कटकला झाला. देशी चषकामुळे लीगचा प्रतिस्पर्धी दमण्याची सोयच नव्हती. अडचण यायची ती आशियाई स्पर्धांची, आणि त्यात दोन-तीनच संघ असायचे.

गैरसमज : चषकातली घोडदौड म्हणजे संघ लीगमध्येही सुरक्षित.

गोव्याच्या डेम्पोचं उदाहरण पाहा. पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेला हा क्लब त्याच २०१५च्या फेडरेशन चषकात अंतिम फेरीत पोहोचला, मडगावात बेंगळुरूकडून १-२ हरला आणि मे अखेर आय-लीगमधून खाली गेला. गंमत (की अन्याय?) अशी की अकरा संघांत डेम्पो दहावा होता. अकरावा होता पुण्याचा भारत एफसी, पण थेट प्रवेश मिळालेला नवा संघ म्हणून त्याला घसरणीतून सूट होती. पुढल्या वर्षी ऐझॉल फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीत गेला आणि लीगमधून उतरला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतलं आणि पुढच्याच मोसमात तो विजेता झाला. इंग्लंडमध्ये विगनने ११ मे २०१३ला एफए चषक जिंकला आणि तीन दिवसांनी प्रीमियर लीगमधलं स्थान गमावलं.

गैरसमज : मग प्रतिस्पर्ध्याच्या चषकाने काहीच फरक पडत नाही.

पडतो. कधीकधी एका गुणाचा, आणि तेवढाच पुरतो. ५ मे २००७ला फुलहॅमची गाठ लिव्हरपूलशी होती. लिव्हरपूलचं सारं लक्ष अथेन्समधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यावर, म्हणून बहुतेक मुख्य खेळाडू बाहेर बसले. फुलहॅम १-० जिंकला. आठवड्याभराने लीग संपली तेव्हा फुलहॅमचे ३९ गुण होते आणि खाली गेलेल्या शेफिल्ड युनायटेडचे ३८. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर हरवून जीव वाचवला. युनायटेडचं विजेतेपद पक्कं झालेलं, सहा दिवसांवर एफए चषकाची अंतिम लढत, त्यामुळे रोनाल्डो, स्कोल्स आणि गिग्ज सुरुवातीला बाकावर. शेफिल्डवाल्यांचा संताप समजण्यासारखाच होता.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. लिव्हरपूल दमलं होतं म्हणून हरलं नाही. लीगमधून मिळवण्यासारखं त्याच्याकडे फारसं उरलं नव्हतं. तोच संघ डिसेंबरात समोर आला असता तर चषक असो वा नसो, पूर्ण ताकदीने उतरला असता. म्हणून प्रतिस्पर्धी कोणत्या फेरीत आहे यापेक्षा सामना कोणत्या तारखेला आहे आणि त्या तारखेला त्याला गुणांची गरज किती आहे, हे पाहावं. कधी गरज उलटी वाढते. इंग्लंडमध्ये चषक जिंकणारा संघ लीगमधून आधीच युरोपसाठी पात्र असेल तर त्याची जागा लीगमधल्या पुढच्या संघाला मिळते. मग मधल्या फळीतला निवांत संघ अचानक जिवावर उदार होऊन खेळू लागतो आणि तळाच्या संघाचं कंबरडं मोडतो.

चषकामुळे लांबणीवर पडलेल्या लीग सामन्यांबद्दल एवढंच : हातात शिल्लक असलेला सामना म्हणजे हातात आलेले गुण नव्हेत.

आणि शेवटचा, खास अंधेरीचा गैरसमज : मुंबई सिटीचा मोसम वाईट गेला तर संघ खाली जाईल. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या अकरा मोसमांत, २०१४ ते २०२५, एकही संघ घसरणीने बाहेर पडला नाही. त्यामुळे अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातल्या प्रेक्षकांना ही धाकधूक घरच्या संघासाठी त्या मोसमांत अनुभवावीच लागली नाही. ती पाहायची असेल तर मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे वेळापत्रक काढा आणि एखाद्या दुपारी कुपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर जा. तिथे श्रेणी बदलतात, वर जाणारे असतात आणि खाली येणारेही.