कलदारांचे जहाज आणि थंड पाण्यातली सफर

निजामाच्या राज्यात बीडच्या बाजारपेठेत हाली सिक्का चाले. इंग्रजी हद्दीतल्या चांदीच्या रुपयाला मराठवाडा कलदार म्हणे. अशा चांदीच्या नाण्यांच्या २,००० पेट्या, म्हणजे सुमारे १०० टनांचा ऐवज घेऊन ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज ऑक्टोबर १९४२ मध्ये मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. प्रवासीही होते, खलाशांत बहुसंख्य हिंदी. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘यू-६८’ या जर्मन पाणबुडीने ते बुडवले. बहुतेक जण होड्यांत उतरले खरे, पण पुढचे दिवस जीवघेणे ठरले. एक होडी ५१ दिवसांनी ब्राझीलजवळ सापडली, तेव्हा तिच्यात दोघेच जिवंत होते. एकूण शंभरावर माणसे गेली.

२०११ मध्ये जहाजाचा ठाव लागला, तो ५,१५० मीटर खोलीवर. यंत्रांच्या हातांनी बरीचशी चांदी वर काढली गेली. पाणबुड्याला तिथे पोहोचणे शक्यच नव्हते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या तळाशी तो ५०० पटींहून जास्त आहे. स्कूबाच्या साहाय्याने माणसाने गाठलेली विक्रमी खोली ३३२ मीटर, आणि हौशी पाणबुड्यासाठी मर्यादा अवघी ४० मीटर.

युद्धातली बुडालेली जहाजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधला ‘स्कॅपा फ्लो’ हा उपसागर गाठता येतो. पहिले महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजे इथे अडकवून ठेवली होती. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनीच तळाच्या झडपा उघडल्या आणि ५२ जहाजे बुडाली. पुढे भंगारासाठी बहुतेक वर काढली गेली, तरी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तळाशी आहेत. जगभरचे पाणबुडे सुट्टी काढून त्यांच्यासाठी येतात.

तिथले पाणी मात्र हिवाळ्याअखेर ६ अंशांपर्यंत उतरते. पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. कोकणात चालणारा पातळ वेटसूट इथे कुचकामी. अंगाला पाणीच लागू न देणारा ड्रायसूट हवा, आत लोकरी थर हवेत. बोटे बधिर होतात आणि साध्या गाठी सुटत नाहीत. टाकीतली दाबलेली हवा बाहेर पडताना प्रसरण पावून आणखी गार होते, त्यामुळे श्वासाचा रेग्युलेटर गोठून हवा अनावर वाहू लागण्याचा धोका असतो. खोलीवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सावकाश थांबत यावे लागते. नेमक्या त्याच वेळी थंडी घाई करायला लावते. या सफरीतली खरी कसोटी तीच.

बुडालेल्या या जहाजांच्या लोखंडाचे आणखी एक मोल आहे. १९४५ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कण मिसळले आणि पोलाद बनवताना ते त्यात शिरले. त्याआधीचे, पाण्याखाली सुरक्षित राहिलेले स्कॅपाचे पोलाद किरणोत्सार मोजणाऱ्या संवेदनशील उपकरणांसाठी वापरले गेले.

त्याच उपसागरात ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौकाही आहे. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री ती बुडाली, आठशेहून अधिक नौसैनिकांसह. तिथे हौशी पाणबुड्यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. जिथे माणसे चिरविश्रांती घेत आहेत, तिथे पर्यटकांनी कॅमेरा घेऊन घुसू नये.

आपल्याकडे वेगळी वाट निघते आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी नेऊन तिथे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची महाराष्ट्राची योजना आहे. पाणी उबदार, जहाजात कुणाचे थडगे नाही. बीडहून निघणाऱ्या हौशी तरुणाने आधी तारकर्लीच्या केंद्रात स्कूबा शिकावे. ड्रायसूटचे प्रशिक्षण मात्र पुढे थंड पाण्याच्या देशातच घ्यावे लागेल.