पुट आणि बट वेगळे का?

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पोरं विचारतात, “आई, पी-यू-टी पुट, मग बी-यू-टी बट का?” आपण म्हणतो, “बाईंना विचार.” गटाच्या बैठकीत आम्ही यावरच बोललो.

मराठीत ‘क’ दिसला की ‘क’च म्हणायचं. इंग्रजीत अक्षरं २६, आवाज मात्र ४४च्या आसपास. म्हणून एकाच अक्षराला दोन-तीन कामं पडतात. सी कॅटमध्ये ‘क’ होतो, सिटीमध्ये ‘स’. आपल्याकडेही ‘चार’ भाकरी आणि गुरांचा ‘चारा’ यांत च एकच, उच्चार दोन.

दुसरं कारण जुनं आहे. इंग्लंडात १४७६ साली छपाई सुरू झाली, स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं. बोलणं मात्र बदलत राहिलं. सतराव्या शतकात बट, कट यांतल्या ‘उ’चा ‘अ’ झाला. पुट तसाच राहिला.

मग घरी काय करायचं? नुसतं ‘सी-ए-टी’ घोकून घेऊ नका. क्, ॲ, ट् हे आवाज जोडून ‘कॅट’ म्हणायला लावा. टॅपच्या स्पेलिंगपुढे ई लिहिला की टेप होतो. ई स्वतः गप्प, पण आधीच्या ए-चा आवाज बदलतो. असे नियम पुष्कळ शब्दांना लागतात. पुटसारखे शब्द तेवढे पाठ करायचे.

मराठी वाचताना आपण आवाजच जोडतो, तेव्हा ही रीत आपल्याला नवी नाही. आणि अडखळणाऱ्या लेकराला ‘ढ’ म्हणू नका. वाकडं आहे ते स्पेलिंग, लेकरू नव्हे.