पस्तिशीतला फ्री एजंट : घ्यावा की सोडावा?

नाव मोठं, वय जास्त, फॉर्म डळमळीत आणि किंमत एकदम कमी. अशा खेळाडूवर टीमने पैसे लावावेत का? आयपीएलच्या लिलावापासून सावद्याच्या केळीच्या बागेपर्यंत एक चक्कर…

समजा, तुमच्या टीममध्ये एकच खुर्ची रिकामी आहे आणि टेबलावर दोन सीव्ही आहेत. एक तेविशीतला, भुकेला, थोडा कच्चा, पण ‘पोटेन्शियल’वाला. दुसरा पस्तिशीतला. त्याने सगळं बघितलंय, सगळं केलंय, पण गेल्या दोन वर्षांचं त्याचं अप्रेझल काही खास नाही. आणि तो निम्म्या पगारात यायला तयार आहे. कोणाला घ्याल?

पटकन उत्तर देऊ नका. कारण २३ डिसेंबर २०२२ रोजी कोचीत आयपीएलच्या लिलावात दहा फ्रँचायझींपुढे नेमका हाच प्रश्न आला होता. सीव्हीवरचं नाव होतं अजिंक्य रहाणे.

पन्नास लाखांचा माणूस

आठवा, हा तोच रहाणे. २०२०च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला आपला संघ ३६ धावांत गारद झाला, विराट कोहली घरी परतला, आणि रहाणेने मेलबर्नला ११२ धावा ठोकून मालिका फिरवली. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला ती मालिका आपण जिंकली तेव्हा कप्तान तोच होता. पण क्रिकेटमध्ये आठवणींवर पगार मिळत नाही. २०२२च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा दौरा झाला आणि तो कसोटी संघाबाहेर गेला. त्या वर्षीच्या आयपीएलमध्ये कोलकात्याकडून सात सामन्यांत १३३ धावा, वर हॅमस्ट्रिंगची दुखापत. टी-ट्वेंटीतला त्याचा शिक्का ठरलेला : चांगला आहे, पण हळू आहे.

कोचीत त्याची बेस प्राइस होती ५० लाख. चेन्नई सुपर किंग्जने हात वर केला, बाकी कोणी बोलीच वाढवली नाही. त्याच दिवशी त्याच टेबलावरून चेन्नईने बेन स्टोक्सला १६ कोटी २५ लाखांना घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मथळे कोणाचे असणार, हे सांगायला नकोच.

पुढे काय झालं? स्टोक्स त्या सीझनला दोन सामने खेळला. धावा १५. बाकीचा वेळ दुखापतीत गेला. आणि रहाणे? ८ एप्रिल २०२३ला वानखेडेवर मोईन अलीची तब्येत बिघडली म्हणून ऐनवेळी त्याला संधी मिळाली. टॉसच्या जरा आधी त्याला कळलं की आपण खेळतोय! त्याने १९ चेंडूंत अर्धशतक केलं, २७ चेंडूंत ६१. पुढे ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. सीझनअखेर ३२६ धावा आणि स्ट्राइक रेट १७२च्या वर. त्याआधीच्या सगळ्या आयपीएल कारकिर्दीत हाच आकडा १२०च्या आसपास घुटमळत होता, बॉस! चेन्नई चॅम्पियन झाली. रहाणे कसोटी संघात परतला आणि जूनमध्ये ओव्हलवरच्या वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिप फायनलमध्ये त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. भारत हरला, तो नाही.

म्हणजे अनुभवी माणूस घ्यायचाच, असं ना? थांबा जरा.

दुसरी बाजूही बघा

त्याच सीझनमध्ये आणखी एक मराठी नाव चर्चेत आलं. पुण्याचा केदार जाधव, वय ३८. तो चक्क मराठी कॉमेंटरी करत होता! मेच्या सुरुवातीला बेंगळुरूने डेव्हिड विलीच्या जागी त्याला एक कोटीला करारबद्ध केलं. कागदावर निर्णय वेडगळ नव्हता. त्याच जानेवारीत रणजीमध्ये त्याने आसामविरुद्ध २८३ धावा ठोकल्या होत्या. पण आयपीएल म्हणजे रणजी नव्हे. हाती लागलं काय, तर दोन सामने, १२ धावा. बेंगळुरू प्लेऑफमध्ये गेलीच नाही. जून २०२४मध्ये केदारने निवृत्ती जाहीर केली.

आणि चेन्नईचं काय? ‘डॅड्स आर्मी’ म्हणून हिणवलेली त्यांची टीम २०१८मध्ये जिंकली. फायनलमध्ये ३६ वर्षांच्या शेन वॉटसनने नाबाद ११७ केल्या. तोच फॉर्म्युला २०२०मध्ये आपटला आणि टीम पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिली. २०२१ आणि २०२३ला परत कप! मग २०२५ला थेट दहावा नंबर, म्हणजे तळाला. त्या पडझडीत टीमला थोडा जीव कोणी दिला? ऋतुराज गायकवाड जखमी झाल्यावर बदली म्हणून आणलेल्या विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने. बेंगळुरूविरुद्ध त्याने ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. प्रश्न सरळ आहे. अनुभवी नावं जागा अडवून बसली नसती, तर हा पोरगा आधीच आला असता का?

खरी गोची इथेच आहे. एका टीममध्ये जास्तीत जास्त पंचवीस जण. एका सीनियरला घेतलं की एक ज्युनियर बाहेर. सीनियर ५० लाखांत मिळतो म्हणून तो स्वस्त, असं आपण म्हणतो. पण त्याची खरी किंमत म्हणजे त्याच्या जागी जो खेळू शकला असता, तो. ऑफिसमध्येही हेच चालतं, फक्त तिथे स्कोअरकार्ड टीव्हीवर दिसत नाही.

सावद्याचा हिशोब

मी मूळची सावद्याची. रावेर तालुका, जळगाव जिल्हा, केळीचं गाव. गेल्या वेळी घरी गेले तेव्हा आमच्या घरातली पोरं रहाणेवरून भांडत होती. एक गट म्हणे ‘क्लास इज क्लास’, दुसरा म्हणे ‘आता बास’. काका शांतपणे चहा पीत होते. त्यांना क्रिकेटचं फारसं वेड नाही, केळीचं आहे. ते म्हणाले, “पिलबागीसारखं आहे रे. पिल जोमदार असीन तं ठेवा, नाही तं नवी लावा. बागीवर प्रेम कराले बसलं तं खर्च बी निघत नाही.”

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा. केळीचं झाड एकदाच घड देतं. तोडणी झाली की ते कापायचं. पण त्याच कंदातून बाजूला कोंब येतात, त्यांना पिलं म्हणतात. त्यातलं एक राखलं की पुन्हा पीक येतं, ती पिलबाग. नव्या लागवडीची ती नवती. पिलबागेचा फायदा असा, की रोपांचा खर्च वाचतो आणि पीक लवकर हाती येतं. तोटा असा, की घड एकसारखे येत नाहीत आणि जुन्या कंदाबरोबर जुनी दुखणीही येऊ शकतात. म्हणून आमच्याकडे बाजारात नवतीचा भाव वेगळा, पिलबागेचा वेगळा, आणि तो सहसा नवतीपेक्षा कमी. यात कोणाला वाईट वाटत नाही. पिलबागेला नवतीचा भाव कोणी देत नाही आणि पिलबाग फुकट आहे असंही कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. एकदा पिल चांगलं आलं म्हणून दरवर्षी तेच पुढे नेत राहिलं, तर बाग थकत जाते. आता रहाणेचं २०२४ बघा. तीच टीम, तोच माणूस, १३ सामन्यांत २४२ धावा, स्ट्राइक रेट १२३च्या आसपास. २०२३चं पीक भरघोस होतं, पण ते एका वर्षाचं होतं.

अमेरिकेतही हेच

हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाची एक पोझिशन असते. काम काय, तर बॉल छातीशी धरायचा आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसून पळायचं. शरीराची इतकी मोडतोड होते की तिशी म्हणजे म्हातारपण समजतात. डेरिक हेन्री आठ सीझन टेनेसीकडून खेळला आणि मार्च २०२४मध्ये, तिशी पूर्ण झाल्यावर, फ्री एजंट झाला. बाल्टिमोरने त्याला दोन वर्षांसाठी एक कोटी साठ लाख डॉलरमध्ये घेतलं. ‘संपलेल्या’ माणसाने त्या सीझनमध्ये १,९२१ यार्ड पळून काढले.

जमलं कारण बाल्टिमोरला नेमकं ठाऊक होतं की याच्याकडून काय हवंय. क्वार्टरबॅक लामार जॅक्सन स्वतःच इतका चपळ, की बचाव करणाऱ्यांना एक डोळा त्याच्यावर ठेवावाच लागतो. त्यामुळे हेन्रीला पळायला वाट मिळते. रहाणेचंही तसंच झालं. चेन्नईने त्याला ‘माजी कप्तान’ म्हणून घेतलं नाही. तिसऱ्या नंबरवर जा, मोकळा खेळ, आउट झालास तरी चालेल, असं काम दिलं. त्याला आयुष्यभर सांभाळून खेळायला सांगितलं गेलं होतं, इथे उलट सांगितलं. तंत्र त्याच्याकडे होतंच, परवानगी नव्हती.

आणि मुंबईचा प्रवीण तांबे तर विसरूच नका. २०१३मध्ये राजस्थान रॉयल्सने ४१ वर्षांच्या या लेगस्पिनरला घेतलं तेव्हा तो एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता. पुढच्या वर्षी त्याने कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली. त्याच्याकडे मोठं नाव नव्हतं, मोठा भूतकाळ नव्हता. होतं ते फक्त एक काम : चार ओव्हर लेगस्पिन. टीमने तेवढंच विकत घेतलं.

मग माझं मत?

घ्यावा. पण तीन अटींवर. एक, त्याच्यासाठी नेमकं काम ठरलेलं असावं. दोन, किंमत पुढच्या वर्षाची द्यावी, मागच्या दहा वर्षांची नाही. तीन, शेवट कधी, हे पहिल्याच दिवशी दोघांना माहीत असावं.

नोव्हेंबर २०२४च्या जेद्दाहच्या लिलावात हे पुन्हा दिसलं. रहाणे आधी अनसोल्ड राहिला, मग शेवटी कोलकात्याने दीड कोटीला घेतला आणि कप्तानही केला. त्याच कोलकात्याने व्यंकटेश अय्यरसाठी २३ कोटी ७५ लाख मोजले. २०२५च्या सीझनमध्ये रहाणेच्या ३९० धावा, व्यंकटेशच्या १४२. हिशोब तुम्हीच करा. पण हेही बघा की कोलकाता आठव्या नंबरवर राहिली. एकटा अनुभवी माणूस टीम वाचवत नाही. जे काम त्याचं नाही, ते त्याच्या गळ्यात मारू नका.

आणि आमच्यासारख्यांचं काय? मी फ्रीलान्सर, म्हणजे एका अर्थाने विशीतच फ्री एजंट झालेली. माझ्या ओळखीत चाळिशीत जॉब गेलेले लोक आहेत. इंटरव्ह्यूला जाताना ते सीव्हीतून पहिली सात-आठ वर्षं गाळून टाकतात, वय लपावं म्हणून! दुसरीकडे माझ्याच वयाचे मित्र वैतागलेले असतात, की वरच्या खुर्चीतले सर उठतच नाहीत. दोघंही खरं बोलतायत. मला वाटतं, यातली अर्धी कटुता वयामुळे नसते, न बोललेल्या अपेक्षांमुळे असते. कंपनी अनुभवी माणसाला ‘मोठा माणूस’ म्हणून आणते आणि काय करायचं ते सांगत नाही. तो जुन्या पगाराच्या आठवणीत बसतो. खालची पोरं घड्याळ बघत बसतात.

चेकलिस्ट : सीनियरला साइन करण्याआधी

• त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं का? नसेल येत, तर तुम्ही माणूस नाही, नाव विकत घेताय.

• शेवटचं वर्ष बघा, पण कारणासकट. दुखापत होती, चुकीचा रोल होता, की खरंच वेग गेलाय? पहिली दोन सुधारतात, तिसरं नाही.

• त्याच्यामुळे बाहेर बसणारा ज्युनियर कोण? त्याचं नाव कागदावर लिहा. त्याला कधी संधी देणार, तेही लिहा.

• करार एक वर्षाचा. चांगलं चाललं तर दुसरा, पण नव्याने विचार करून. लाजेखातर नाही.

• आणि तुम्हीच ते सीनियर असाल तर? बेस प्राइस खाली आणायला लाजू नका. काम मात्र नीट विचारून घ्या.

तुमच्या पुढच्या टीम मीटिंगला जेव्हा कोणी म्हणेल, ‘अरे, याला घेऊ या, खूप एक्स्पीरियन्स आहे,’ तेव्हा मान डोलावू नका आणि नाकही मुरडू नका. एवढंच विचारा : सोमवारी सकाळी त्याला नेमकं काम काय देणार आहोत?