'चावणे' आणि 'चघळणे'

कोरेगाव तालुक्याच्या शिवारात ऊसही पिकतो आणि आलेही. उसाचे कांडे चावतात. खोकला झाला की आल्याचा तुकडा चघळतात. या दोन क्रियापदांची अदलाबदल तेथील लहान मूलही करणार नाही. कोशकाराला मात्र दोहोंपुढे इंग्रजी 'च्यू' मांडून भागवता येते, आणि भेद तेथेच हरवतो.

'चावणे' ही दातांची क्रिया होय. तिला शेवट आहे : पदार्थाचा चुरा होतो, अथवा उसाप्रमाणे चोथा उरतो व तो थुंकला जातो. 'चघळणे' यात जीभ व लाळ यांचे काम अधिक; पदार्थ तोंडात घोळत राहतो, आणि ही क्रिया कोठे संपावी हे क्रियापद सांगत नाही. दात पडलेली म्हातारी सुपारी चघळते. चावणे तिला साधत नाही. लाक्षणिक अर्थही याच वाटेने गेले आहेत. एखादा विषय लोक महिनोन्‌महिने चघळतात. तो 'चावून चोथा' झाला म्हणजे त्यात रस उरला नाही.

अधिक लक्षणीय भेद प्रयोगाचा आहे. भूतकाळात 'मुलीने सुपारी चावली' हा कर्मणी प्रयोग. 'कुत्रा मुलीला चावला' येथे मात्र कर्ता प्रथमान्त राहतो व क्रियापद त्याच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. हिंदीत या दोन अर्थांना 'चबाना' व 'काटना' अशी निराळी क्रियापदे आहेत. मराठी एकाच क्रियापदावर निभावते आणि अर्थभेद प्रयोगाकडे सोपवते. 'चघळणे' याला असा दुसरा अर्थ नाही, म्हणून त्याचा प्रयोगही बदलत नाही : त्याच कुत्र्याने हाड 'चघळले'.

'चावणे' हे संस्कृत 'चर्व्' धातूपासून आले. गंमत अशी की, अभिनवगुप्ताने रसास्वादाला 'चर्वणा' म्हटले, ती वृत्तीने चघळण्याच्या जवळची. आणि त्याच धातूचे 'चर्वितचर्वण' मराठीत निंदेला उपयोगी पडते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. हृदयविकाराच्या झटक्याची शंका आल्यास डॉक्टर अॅस्पिरिनची गोळी चावून खाण्यास सांगतात, कारण चुरा झाल्याने ती लवकर शोषली जाते. घशाची गोळी सावकाश विरघळावी लागते, म्हणून ती चघळावयाची. औषधाच्या मराठी सूचनेत पहिल्या ठिकाणी 'चघळावी' असे पडले, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहील आणि रोग्याची मोलाची मिनिटे जातील.